डिजिटल सही केलेला पीडीएफ अर्ज ‘सही अवैध’ म्हणून परत आला : चूक नेमकी कुठे झाली?

टॉवेल_अक्कलकोट_रोड (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. यंत्रमाग आणि कामगार सासरे पाहतात. बिले, पत्रव्यवहार आणि ऑनलाइन कामे गेली चार वर्षे मी पाहते. पुण्यातील एका हॉटेल व्यवसायातील कंपनीने पुरवठादार म्हणून नोंदणीसाठी नऊ पानांचा पीडीएफ अर्ज पाठवला आणि तो डिजिटल सहीसह त्यांच्या पोर्टलवर चढवावा असे कळवले. शासकीय ई-निविदांसाठी सासऱ्यांच्या नावाचे डिजिटल सही प्रमाणपत्र आम्ही घेतलेले आहे. ते ज्यात साठवलेले असते ते टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखे यूएसबी उपकरण, आमच्या हिशेबनिसांच्या कार्यालयात असते.

मी एका मोफत संकेतस्थळावर अर्ज भरला, हिशेबनिसांकडे जाऊन त्यावर टोकनने सही करून घेतली, आणि घरी आल्यावर पॅन, जीएसटी प्रमाणपत्र व रद्द केलेला धनादेश यांच्या प्रती त्याच संकेतस्थळावर अर्जाला जोडल्या. फाइल १४ एमबीची झाली आणि पोर्टलची मर्यादा ५ एमबीची होती, म्हणून तिथेच ती लहान करून घेतली. तिसऱ्या दिवशी ‘सही अवैध’ असा शेरा येऊन अर्ज परत आला. माझ्या पडद्यावर मात्र सासऱ्यांचे नाव, तारीख, वेळ असा सहीचा चौकोन अगदी स्पष्ट दिसतो.

त्याच आठवड्यात इथल्या एका सहकारी संस्थेचा मराठी पीडीएफ अर्ज भरताना दुसरी अडचण आली. ‘सोलापूर’ नीट उमटले, परंतु ‘सिद्धेश्वर पेठ’ लिहिले की पहिली वेलांटी स च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात.

शिवाय, कागदावरच्या सहीचा फोटो काढून तो अर्जावर चिकटवला तर कायद्याने चालतो का, हेही जाणून घ्यायचे आहे. ही ऑर्डर आमच्यासाठी मोठी आहे आणि अर्ज पुन्हा भरण्यासाठी मला सोमवारपर्यंतची मुदत मिळाली आहे.

सेवाकेंद्र_सात_रस्ता

ताई, सही करताना आपली काहीही चूक झालेली नाही. सही केल्यानंतर फाइलला हात लागला, तिथे घोटाळा झाला.

टोकनने सही होते तेव्हा संगणक संपूर्ण फाइलचा एक गणिती ठसा काढतो, ज्याला हॅश म्हणतात, आणि तो ठसा टोकनमधल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असणाऱ्या गुप्त सांकेतिक संख्येने, बंद करून फाइलमध्येच ठेवतो. समोरच्या व्यक्तीने फाइल उघडली की तिचा संगणक तोच ठसा नव्याने काढतो आणि आत ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहतो. मधल्या काळात एक अक्षर जरी बदलले तरी दोन्ही ठसे जुळत नाहीत. फाइल लहान करणारे संकेतस्थळ तर आतली चित्रे नव्याने दाबून सगळी फाइलच पुन्हा लिहून काढते, आणि दुसरी पाने जोडणारी बहुतेक साधनेही तसेच करतात. अशा वेळी सही एक तर तुटते, किंवा पूर्णपणे गळून पडून तिच्या जागी केवळ तिचे चित्र उरते. आपल्याला जो चौकोन दिसतो आहे तो बहुधा असे उरलेले चित्र असावा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले तरी हेच होते, आणि आमच्या केंद्रात येणाऱ्या परत आलेल्या अर्जांपैकी बरेचसे याच कारणाने आलेले असतात.

खात्री करायची असेल तर ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर या मोफत प्रणालीत फाइल उघडा. सही जिवंत असेल तर वरच्या बाजूला सहीविषयी पट्टी दिसते आणि सिग्नेचर पॅनेल उघडता येते. चौकोन दिसतो पण पॅनेलच नाही, असे असेल तर त्या फाइलमध्ये सही उरलेलीच नाही. ब्राउझरमध्ये उघडून पाहू नका, कारण अनेक ब्राउझर सहीची पडताळणी न करता तिचे चित्र तेवढे दाखवतात.

पॅनेलमध्ये पिवळे प्रश्नचिन्ह आणि लाल फुली यांत फरक आहे, आणि तो अनेकांना, काही वेळा अर्ज तपासणाऱ्यांनाही, माहीत नसतो. लाल फुली म्हणजे फाइल बदलली आहे किंवा प्रमाणपत्रातच दोष आहे. पिवळे प्रश्नचिन्ह म्हणजे सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या संगणकाला अजून कोणी सांगितलेले नाही. ई-आधार डाउनलोड केल्यावर अनेकांना हेच चिन्ह दिसते. सहीवर क्लिक करून तिच्या गुणधर्मांत जावे, प्रमाणपत्राची साखळी ‘सीसीए इंडिया’ (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरील शासकीय नियंत्रक) या मुळापर्यंत पोहोचते आहे हे पाहावे आणि मग त्या मूळ प्रमाणपत्राला विश्वासार्ह म्हणून नोंदवावे; त्यानंतर हिरवी खूण येते. हे काम समोरच्याने त्याच्या संगणकावर करायचे असते, आपल्या बाजूने ते होत नाही.

आता क्रम असा ठेवा. जोडायच्या प्रती आधी करड्या छटेत, १५० ते २०० डीपीआयवर (दर इंचातील ठिपक्यांची संख्या) स्कॅन करा. रंगीत आणि ६०० डीपीआयवर केलेले स्कॅन हेच १४ एमबी होण्याचे खरे कारण असते. अर्ज भरून, प्रती जोडून, आकार मर्यादेत आला आहे हे पाहून आणि प्रत्येक रकाना पुन्हा वाचून झाल्यावर अगदी शेवटी टोकन लावा. हिशेबनिसांकडून निघाल्यावर त्या फाइलचे फक्त नाव बदलायला हरकत नाही, कारण नाव हा फाइलच्या आतल्या मजकुराचा भाग नसतो. सही करताना संगणकाची तारीख आणि घड्याळ बरोबर आहे ना, तेही पाहून घ्या. वेगळ्या सेवेकडून वेळेचा शिक्का घेतलेला नसेल तर सहीवर त्या संगणकाचीच वेळ उमटते.

एक काळजीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅन आणि धनादेशाची प्रत आपण अनोळखी मोफत संकेतस्थळावर चढवलीत. काही तासांत फाइल पुसून टाकतो असे ही संकेतस्थळे लिहितात, पण ते खरोखर घडते की नाही हे तपासण्याचा कोणताही मार्ग आपल्या हाती नसतो. अर्जातले रकाने भरण्यासाठी एज किंवा फायरफॉक्स पुरेसे आहे. ब्राउझरमध्ये आपल्याच संगणकावरची फाइल उघडली तर ती बाहेर कुठे जात नाही. पाने बदलायची असतील तर लिब्रेऑफिस ड्रॉ मोफत मिळते. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्यावे. स्वतः काळी पट्टी ओढून अंक झाकू नयेत, कारण पुष्कळदा त्या पट्टीखाली मजकूर तसाच राहतो आणि निवडून कॉपी केला की बाहेर येतो.

अक्षरजुळणी_नवी_पेठ

मराठी अक्षरांच्या अडचणीविषयी लिहितो, कारण मुद्रणाच्या कामात हा त्रास मी रोज पाहतो.

पीडीएफच्या पानावर अक्षर म्हणजे विशिष्ट फाँटमधला एक आकार आणि पानावरची त्याची जागा. ‘सि’ लिहिताना आपण आधी स टाइप करतो आणि मग वेलांटी देतो, परंतु कागदावर वेलांटी आधी उमटली पाहिजे; द आणि ध मिळून ‘द्ध’ हा तिसराच आकार झाला पाहिजे. ही जुळणी पान तयार करणाऱ्या प्रणालीने करायची असते. वर्ड किंवा लिब्रेऑफिस ती नीट करतात. अर्जातल्या रकान्यांची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक अर्ज तयार करताना रकान्यांना हेल्व्हेटिका हा फाँट दिलेला असतो. त्यात देवनागरी मुळीच नाही. त्यामुळे काही ठिकाणी रिकामे चौकोन येतात, आणि जिथे दुसरा फाँट उसना घेतला जातो तिथे जुळणी न करता अक्षरे एकापुढे एक ठेवली जातात. ‘सोलापूर’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून तो तरून जातो. मराठी अर्ज बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी गावाचे नाव टाइप करून समाधान मानू नये, ‘सिद्धेश्वर’ टाइप करून पाहावे.

उपाय साधा आहे. मराठी मजकूर वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये निर्मला, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी अशा युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरांचे एकच सांकेतिक क्रमांक ठेवणाऱ्या पद्धतीच्या) फाँटमध्ये लिहावा आणि तिथूनच पीडीएफ म्हणून निर्यात करावा. अर्जावर जागेवरच मजकूर हवा असेल तर तो चित्र म्हणून रकान्यावर बसवता येतो. एवढे करूनही जमले नाही तर छापून, सुवाच्य अक्षरात हाताने भरून स्कॅन केलेला अर्ज हा मोडक्या जोडाक्षरांच्या अर्जापेक्षा नक्कीच चांगला. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर रकान्यात चिकटवू नका; ते फाँट युनिकोडचे नाहीत आणि चिकटवल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात.

हे सगळे सही करण्याच्या आधीच आटोपायचे आहे, हे वरच्या प्रतिसादात आलेच आहे.

वकिली_सोलापूर

कायद्याच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नापुरते लिहितो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल सही आहे, आणि २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३ए मध्ये व्यापक अर्थाची इलेक्ट्रॉनिक सही आहे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होणारी ई-साइन या दुसऱ्या व्यवस्थेत बसते, आणि ज्यांच्याकडे टोकन नाही त्यांना ती सोयीची आहे. कलम ५ प्रमाणे कायद्याला जिथे सही लागते तिथे या पद्धतीची सही चालते. सहीच्या फोटोला मात्र कलम ५ चा आधार मिळत नाही. म्हणून फोटो चिकटवलेला करार आपोआप रद्द ठरतो असे नाही, कारण कलम १०ए नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही आणि ईमेलवरील स्वीकृतीनेही करार होऊ शकतो. फरक पडतो तो वादाच्या वेळी. फोटो कोणीही कापून कुठेही चिकटवू शकतो, त्यामुळे ‘ही सही मी केलीच नाही’ असे समोरचा म्हणाला तर ती त्यानेच केली हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. समोरच्या संस्थेने स्पष्टपणे डिजिटल सही मागितलेली असताना फोटो देण्यात अर्थ नाही. मागितलेली नसेल तर रोजच्या कोटेशनला फोटो पुरतो.

मृत्युपत्र मात्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करता येत नाही. ते आजही या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील अपवादांत आहे, आणि इथे विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कारण टोकन आहे तर त्यानेच मृत्युपत्रावर सही करू का, असे मला विचारले गेले आहे. तसेच डिजिटल सही केल्याने मुद्रांक शुल्क माफ होत नाही. दस्तावर शुल्क देय असेल तर ते वेगळे भरावेच लागते.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत गंभीर वाटलेली बाब आपण सहज लिहून गेलात, ती म्हणजे टोकन हिशेबनिसांच्या कार्यालयात असते. कलम ४२ नुसार खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहावी यासाठी वाजवी काळजी घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळताच प्रमाणन प्राधिकरणाला, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला, विनाविलंब कळवणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. हिशेबनीस विश्वासू असतील याबद्दल मला शंका घ्यायची नाही. परंतु त्या कार्यालयात बसून कोणीही केलेली सही ही कायद्याच्या दृष्टीने आपल्या सासऱ्यांचीच सही मानली जाईल. टोकन घरी आणावे, पासवर्ड बदलावा, आणि प्रत्येक वेळी सासऱ्यांनी फाइल वाचून स्वतः सही करावी.

टॉवेल_अक्कलकोट_रोड

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी हिशेबनिसांकडे जाऊन त्यांच्या संगणकातली मूळ फाइल रीडरमध्ये उघडली, तर तिच्यात सही वैध दिसली. मी घरी लहान केलेल्या फाइलमध्ये सिग्नेचर पॅनेलच नव्हते. म्हणजे दोन दिवस मी केवळ एका चित्राकडे पाहून सही आहे असे समजत होते.

प्रती करड्या छटेत पुन्हा स्कॅन केल्या, सगळे आधी जोडले, फाइल ३.२ एमबीची झाली. टोकन घरी आणले आहे. हिशेबनिसांनी राग न मानता त्याची प्रणाली आमच्या संगणकावर बसवून दिली. काल संध्याकाळी सासऱ्यांनी नऊही पाने वाचली, बँक खात्याच्या रकान्यात माझा एक अंक चुकला होता तो त्यांच्याच लक्षात आला, आणि तो दुरुस्त केल्यावर त्यांनी स्वतः सही केली. अर्ज आज दुपारी स्वीकारला गेला. सहकारी संस्थेचा मराठी मजकूर वर्डमधून पीडीएफ करून जोडला, आणि ‘सिद्धेश्वर पेठ’ नीट उमटले.

एकच शंका उरली आहे. पुढे होणाऱ्या पुरवठा करारावर सासरे आणि माझे पती अशा दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतील. पतीही प्रमाणपत्र घेत आहेत. मग दुसऱ्या सहीने पहिली सही तुटणार नाही का?

सेवाकेंद्र_सात_रस्ता

तुटत नाही, ताई. रीडर दुसरी सही करताना जुना मजकूर पुन्हा लिहीत नाही, त्याच्या शेवटी नवी भर घालतो, त्यामुळे पहिल्या सहीने झाकलेला भाग जसाच्या तसा राहतो आणि पॅनेलमध्ये दोन्ही सह्या क्रमाने दिसतात. सासऱ्यांनी सही करताना खिडकीत ‘लॉक डॉक्युमेंट आफ्टर सायनिंग’ असा पर्याय येईल. त्यावर खूण करू नका, नाहीतर पतींना सही करता येणार नाही. ती खूण शेवटची सही करणाऱ्याने करावी. दुसरी सहीही रीडरमध्येच करा, कोणत्याही संकेतस्थळावर फाइल चढवून करू नका.