प्रश्न पदवीचा की तिच्या किमतीचा?
पदवीवर चार वर्षे आणि काही लाख रुपये घालवण्यापेक्षा मुलाने एखादे कौशल्य शिकून लवकर कमावते व्हावे, हे आपले म्हणणे निम्मे पटते. मात्र कौशल्य आणि विद्यापीठ यांना आपण जे परस्परविरोधी ठरवता, ते बडोद्यात राहणाऱ्या मला मान्य करता येत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन काढले, तेव्हा तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम यांसारखे विषय शिकवले जात, आणि पुढे त्याच संस्थेतून १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली.

माझ्या मते खरा प्रश्न किमतीचा आहे. अनुदानित जागेवरचे शिक्षण आजही मध्यमवर्गाला झेपते, परंतु खाजगी महाविद्यालयात कर्ज काढून घेतलेल्या पदवीचा पहिल्या पाच वर्षांच्या पगाराशी हिशेब मांडल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. (आमच्या घरात हा हिशेब प्रवेशानंतर मांडला गेला, हे कबूल करतो.)

शिवाय पदवी सर्व दारे उघडते, हेही कधीच खरे नव्हते. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा त्यांना जातीमुळे राहायला घर मिळाले नाही. तरीही पुढील लढ्यात त्यांच्या हाती जी विद्वत्ता होती, ती एखाद्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातून आली असती, असे मला वाटत नाही.