गेटजवळची कोरफड काढायची की वाढवायची?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गेटजवळची मोठी कोरफड पार्किंगवर कलली आहे. रविवारी माळी येतोय. मुळासकट काढायला सांगू का? हरकत असेल तर आजच कळवा.

बी २०१ वहिनी: काढाच. पोरं सायकली तिथूनच नेतात, काटे लागतात.

सी १०३ काका: माझी हरकत आहे. इतकं जोमदार झाड असं उपटून टाकू नका. ही खोड धरून वाढणारी कोरफड, ‘अ‍ॅलो अर्बोरेसेन्स’. मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. भिंतीच्या सावलीमुळे ती उजेडाकडे झुकली, त्यात वर शेंड्यांचं ओझं. शेंडे उतरवले की भार जाईल आणि उरलेल्या खोडाला नवे धुमारे फुटतील.

कापलेला प्रत्येक शेंडा म्हणजे नवं झाड. फूटभर खोड ठेवून स्वच्छ करवतीनं कापायचा, खालची पानं काढायची आणि सावलीत पसरून ठेवायचा. काप कोरडा, टणक झाला पाहिजे. एक-दोन आठवडे लागतात, जाड खोडाला जास्तच. ओल्या कापानं लावला की कुजतो.

ए ३०४ ताई: काका, माती बागेतलीच घेऊ का?

सी १०३ काका: नको गं. आपली कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं, पण पाणी धरून बसते. मुरूम आणि जाड वाळू जास्त, माती थोडी. तीन-चार इंच खोचून काठीचा आधार द्या. पहिला आठवडा पाणी नाही, नंतरही माती पूर्ण सुकल्यावरच. महिन्या-दीड महिन्यानं हलकेच ओढून बघा, हाताला अडलं तर मूळ धरलं. म्हणून म्हणतो, आत्ता फाल्गुनातच कापू. पावसाळ्याआधी मुळं सुटतील.

तळमजल्याच्या आजी: केसांना चालते का रे ही?

सी १०३ काका: आजी, त्यासाठी आपली नेहमीची कोरफडच बरी. आणि कुठल्याही कोरफडीचा पिवळा चीक पोटात जाऊ देऊ नका, जुलाब होतात.

बी २०१ वहिनी: पण काट्यांचं काय? शेंडे लावले की काटे वाढणारच ना?

सी १०३ काका: वहिनी, तुमचं बरोबर आहे. रस्त्याकडेला एकही नको. मागच्या कंपाउंडला ओळीनं लावू. तिकडे आफ्रिकेत गुरांच्या गोठणाभोवती हिचंच कुंपण करतात. गोठण मोडून गेलं तरी झाडांची रांग तशीच उभी असते. आपल्या मागच्या तारेतून कुत्री शिरतात, तिथे हिचा उपयोग होईल. शिवाय थंडीत येणारे लाल-केशरी तुरे बघण्यासारखे असतात.

बी २०१ वहिनी: मागे असेल तर माझी हरकत नाही.

ए ३०४ ताई: मला दोन शेंडे कुंडीसाठी हवेत. गॅलरीला दुपारचं ऊन आहे.

सी १०३ काका: मिळतील. मुळं धरेपर्यंत मात्र कडक उन्हात ठेवू नकोस.

सेक्रेटरी: ठरलं तर. फक्त छाटणी, झाड राहील. मुरमाची दोन घमेली बांधकामावरून मागवतो. गेटजवळच्या गाड्या रविवारी सकाळी नऊच्या आत मागे घ्या.