गरिबाच्या घरावर आधी पॅनेल, की घरात आधी पंखा?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. कमी उत्पन्नाच्या घरांना विजेच्या बाबतीत मदत म्हणून सध्या जो सरकारी पैसा येतो, तो बहुतेक सगळा छतावरच्या सोलरकडे जातो. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,०००. त्यावर राज्याची 'स्मार्ट' योजना, महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५००. म्हणजे पन्नास हजारांचा संच अडीच हजारांत. ऐकायला झकास.

आता ज्याच्यासाठी हे चाललंय त्याचं घर बघा. एक-दोन खोल्या, वर पत्रे, दोन पंखे, दोन बल्ब, टीव्ही. उन्हाळ्यात बिल ऐंशी-नव्वद युनिटचं. त्या पत्र्यांवर पॅनेल टिकेल का हा वेगळा प्रश्न, पण समजा टिकलं. बिल कमी होईल. दुपारी तीन वाजता आत बसवेल का? भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याखाली काय होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. स्लॅबचं घरकुल असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारा-एकपर्यंत ती धग खाली सोडत राहतो.

साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला जवळपास १९ युनिट वाचतात, दोन पंख्यांचे ३८. छताला उष्णता परतवणारा पांढरा थर दिला तर आतली धगही उतरते. अहमदाबादने २०१७ पासून वस्त्यांमध्ये हे सुरू केलं, तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. माझ्या अंदाजाने एका घराचा पंखे आणि छत मिळून खर्च दहा हजारांच्या आसपास. एका सोलर संचाच्या पैशात पाच घरं.

म्हणून माझं म्हणणं: आधी छत, पंखा, वायरिंग. पॅनेल त्यानंतर.

शिरपूरचा सूर्य

आधीच सांगून टाकतो, माझा सोलर बसवण्याचाच धंदा आहे. आता झोडपा.

तुमच्या हिशोबात एक गृहीत लपलंय. गरीब माणूस आज ऐंशी युनिट वापरतो आणि उद्याही त्याने तेवढेच, जमलं तर त्याहून कमी वापरावेत. का म्हणून? एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. तो माणूस आजवर बिलाच्या भीतीने कूलर घेत नव्हता, तो उद्या घेईल. तुम्ही त्याला कमी विजेत भागवायला शिकवताय, मी त्याला जास्त वीज देतोय. पॅनेलला पंचवीस वर्षं मरण नाही. तुमचा चुना दोन पावसाळ्यांत धुऊन जातो.

आणि ऊन ही आपल्याकडची मालमत्ता आहे हो. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून याच उन्हावर चाललाय. ते ऊन गरिबाच्या छतावर वाया का घालवायचं?

शेवभाजी

पत्राना घरमा दुपारले बशीसन दखाडा, मंग योजना सांगा.

रावेरची लेक

सूर्यभाऊ, कूलर घेईल म्हणता, त्यात पाणी कोण भरणार? दुपारी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. नळ चार-चार, कुठे आठ-आठ दिवसांनी येतो. टाकीतलं पाणी प्यायला ठेवायचं की कूलरला पाजायचं, हा हिशोब बाईच करते. आणि रोहिण्या संपून हवेत ओल आली की कूलर नुसता चिकचिकाट करतो.

पंखा आणि छत यांच्यात एक गोष्ट कुणीच धरली नाही, ती म्हणजे फ्रीज. आमच्याकडे गरिबाच्या घरात फ्रीज नसतो असा समज असेल तर सोडून द्या. असतो, पण सेकंडहँड, पंधरा-पंधरा वर्षं जुना, दाराचं रबर फाटलेलं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या खोलीत तो कॉम्प्रेसर बंदच होत नाही. दोन पंख्यांपेक्षा तो एकटा जास्त खातो. रबर काही शे रुपयांत बदलून मिळतं. कुठल्याही योजनेत फ्रीजचं रबर आहे का? घरात येऊन कुणी बघितलं तर दिसेल ना.

वायरमन, धुळे

दोन्ही बाजूंना थोडं ऐकवायचंय.

बीएलडीसी पंखा चांगलाच आहे, मी स्वतः लोकांना घ्यायला लावतो. पण साधा पंखा हळू झाला तर कंडेन्सर बदलला की गडी पुन्हा पळायला लागतो, काम शंभर-दीडशेत होतं. बीएलडीसीत सर्किट असतं. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज खाली, रात्री अचानक वर. ते सर्किट उडालं की गॅरंटीत असेल तर कंपनीकडे पाठवा आणि पंधरा दिवस उकडत बसा, गॅरंटी संपली असेल तर हजाराच्या आसपास मोजा. तेवढ्यात बाजारात जुना पंखा मिळतो. मग तो माणूस काय करेल? जुनाच लावेल. म्हणून पंखे वाटायचे असतील तर तालुक्याच्या गावाला दुरुस्तीवाला आणि सर्किटचा साठा आधी ठेवा, मग फोटो काढा.

चुन्याचं म्हणाल तर तो स्लॅबवर धरतो, डिंक टाकून दोन हात मारले की बरा टिकतो. पत्र्यावर चुना पापडी होऊन उडतो. पत्र्याला आधी गंज खरवडून प्राइमर, मग पांढरा रंग, तो खर्च वेगळा. लोक पत्र्यावर पऱ्हाट्या, कडबा टाकतात. गारवा मिळतो, पण खालून वायर गेलेली असते आणि तिचं प्लास्टिक उन्हाने वितळलेलं असतं. पुढचं सांगत नाही.

सोलरवाल्यांनी एक गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी. लाइट गेली की तुमचं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. नियमच तसा आहे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. बॅटरी नसेल तर लोडशेडिंगमध्ये पॅनेल छतावर शोभेला. हे बसवून झाल्यावर कळलं की लोक शिव्या आम्हाला देतात.

कळण्याची भाकरी

मला मुळात 'लाभार्थी यादी' या प्रकाराचीच ॲलर्जी आहे. जळगावात घरकुल म्हटलं की घोटाळाच आठवतो, २०१९ ला धुळ्याच्या न्यायालयात त्याचा निकाल लागला. यादी आली की शिफारस आली, ठेकेदार आला, जुनाच पंखा रंगवून नवा म्हणून लावणारा आला.

त्याउलट एलईडी बल्बचं बघा. २०१५ च्या उजाला योजनेत कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. सरकारने एकगठ्ठा मागणी काढली. घाऊक खरेदीत २०१४ ला ३१० रुपयांचा असलेला बल्ब दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या आत आला. मग किराणा दुकानातही स्वस्त झाला आणि सगळ्यांना मिळाला. पंख्याचंही तेच करा. घाऊक खरेदी, आणि वीजबिलातून महिन्याला पन्नास-शंभर असे हप्ते. फुकट काही नको.

आणि गिरणाकाठ, तुमचे ३८ युनिट कागदावरच राहणार. पंखा कमी खातो म्हटलं की माणूस तो दोन तास जास्त लावतो. आज एक पंखा बंद ठेवतो, उद्या दोन्ही चालवेल. बचत कुठे राहिली?

गिरणाकाठ

बरोबर, काही बचत झोपेत जाईल. जाऊ दे की. धुळ्याच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा पत्र्याखाली झोपतो. त्याने पंखा दोन तास जास्त लावला तर मी त्याला योजनेचं अपयश म्हणणार नाही. घरातला पारा किती उतरला आणि माणूस किती तास झोपला, हे मोजा. युनिट हा अर्धाच हिशोब.

हप्त्यांची कल्पना मान्य. पण पत्र्याचा रंग हप्त्यावर कोण घेणार? तिथे अनुदानच लागेल.

कळण्याची भाकरी

मग त्याला ऊर्जाबचत म्हणू नका. उष्माघात टाळायचा कार्यक्रम म्हणा आणि आरोग्य खात्याच्या पैशातून करा. वीजबचतीचा पैसा घ्यायचा आणि हिशोब मागितला की झोप दाखवायची, हे चालणार नाही. बाकीच्या ग्राहकांच्या बिलातून हे जातं.

सेकंड शिफ्ट

तुम्ही सगळे ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याबद्दल बोलताय. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहतो, ओळीने दहा खोल्या, मालकाचा एक मीटर, आम्हाला सबमीटर. मालक युनिटला सरसकट दहा-बारा रुपये घेतो. वापर चाळीस युनिट असला तरी तेवढाच दर. स्वतःचं मीटर असतं तर १०० युनिटच्या आतल्या स्वस्त दरात बसलो असतो. दहा खोल्यांचा वापर एका मीटरवर गेला की तो वरच्या दरात जाणारच, मालक तरी काय करेल म्हणा. पण कागदोपत्री मी वीज ग्राहकच नाही. सूर्यघर नाही, स्मार्ट नाही, काहीच नाही.

पंखा मालकाचा, त्याला काय पडलंय बदलायची? बिल मी भरतो. मी बदलायचा म्हटलं तर उद्या खोली सोडताना तो खोलून न्यायचा का?

केळी एक्सप्रेस

हाच तिढा अमेरिकेत जुना आहे. तिथे १९७६ पासून केंद्र सरकारची वेदरायझेशन नावाची योजना चालते. अल्प उत्पन्नाच्या घराला उपकरण देण्याआधी तपासनीस घरात येतो, कुठून उष्णता येते-जाते ते मोजतो, आणि ज्यातून खर्च वसूल होईल तेवढंच काम करतो. भाड्याच्या मोठ्या इमारतीत साधारण दोन तृतीयांश घरं पात्र असली की पूर्ण इमारतच घेतात. घरमालकाला अट असते की या सुधारणेच्या जोरावर ठरावीक काळ भाडं वाढवायचं नाही.

तिथला प्रश्न मुख्यतः थंडीचा, भिंतींच्या फटी बुजवण्याचा, त्यामुळे उपाय उचलून आणू नका. पण 'आधी तपासणी' आणि 'भाडं वाढवणार नाही हे लिहून द्या' या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

सेकंड शिफ्ट

लिहून द्या?? आमचा भाडेकरारच तोंडी आहे साहेब.

सचिव, बी विंग

इमारतींचं थोडं लिहितो, कारण अपार्टमेंट म्हटलं की लोकांना वाटतं पैसेवाले. आमची तीन मजली, बारा घरं, निम्मी रिक्षावाले, दुकानातले नोकर, पेन्शनर. सूर्यघरमध्ये सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे. पण गच्ची कुणाची? अजून बिल्डरच्या नावावर. सोसायटीची नोंदणी नाही, कन्व्हेयन्स म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्तही नाही. पॅनेलचा विषय पहिल्याच सभेत संपला.

त्यामुळे आम्ही खालून सुरुवात केली. आमच्या सामायिक मीटरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पाण्याची मोटर. तीन वेळा रिवाइंडिंग झालेली, फूट व्हॉल्व्ह गळका, त्यामुळे रोज आधी पाणी भरून प्रायमिंग आणि मग दीड तास घरघर. टाकी वाहून गेली तरी कुणी बंद करायला जात नव्हतं. व्हॉल्व्ह बदलला, टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लावला, जिन्यात सेन्सरचे दिवे लावले. वर्गणी काढून. बिल जाणवण्याइतकं उतरलं. अशा कामाला कुठलंच अनुदान नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

शिरपूरचा सूर्य

सचिवसाहेबांचं काम चोख आहे. पण तुमच्या बाराजणांनी वर्गणी काढली, झोपडीतला कुठून काढेल? तिथे अनुदान आहे ते पॅनेलला आहे. जे मिळतंय ते नाकारून, जे नाही त्याची वाट बघायची हा शहाणपणा मला कळत नाही. आणि गिरणाकाठ, पॅनेलने घर थंड होत नाही हेही अर्धसत्य आहे. पॅनेलची सावली स्लॅबवरच पडते. ज्या खोलीवर पॅनेल असतं तिथला फरक हाताला कळतो.

गिरणाकाठ

सावलीचा मुद्दा खरा, पण किती? एक किलोवॅटला हल्लीची दोन मोठी पॅनेल लागतात. दोन्ही मिळून पंचावन्न-साठ चौरस फूट. घरकुल किमान २६९ चौरस फुटांचं. म्हणजे पाचव्या हिश्श्याला सावली. उरलेल्या चार हिश्श्यांचं काय? पन्नास हजारांच्या संचात आणखी दोन-तीन हजार घालून उरलेला स्लॅब पांढरा करायची अट का नको?

शिरपूरचा सूर्य

अट घाला, करतो. पण त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवा. ते आमच्या खिशातून काढायला लावलं तर चुना पाण्यासारखा पातळ येईल, आत्ताच सांगून ठेवतो.

वायरमन, धुळे

आणि चुना आधी मारा, मग स्टँड ठोका. एकदा पॅनेल बसलं की खाली ब्रश जात नाही, आणि पोरं वर चढून काचेवर पाय देतात. स्टँडचे नट जिथे स्लॅबमध्ये जातात तिथे वॉटरप्रूफिंग केलंय का तेही बघून घ्या. मागच्या पावसाळ्यात अशी गळती काढायलाच मला जास्त बोलावणी आली.