सोसायट्यांच्या प्रश्नांसाठी मराठी चर्चामंच काढायचाय, सुरुवात कुठून करावी?

नेरूळचा_सचिव
ठाणे-नवी मुंबईतल्या सचिव-खजिनदारांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप १०२४च्या मर्यादेला टेकलाय. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर टाळत असेल तर जमीन-इमारत सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेणं), सिडकोचं हस्तांतरण शुल्क, पार्किंग. प्रश्न तेच, जुनं उत्तर मात्र कुणाला सापडत नाही. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? विभाग किती? आणि मंच ओसाड दिसू नये म्हणून काय करावं?

सर्व्हरवाला
मंचाची सॉफ्टवेअरं मुख्यतः दोन बघा, फ्लारम आणि डिस्कोर्स. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्सचा एकच सर्व्हर) भागवायचं असेल तर फ्लारम. पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असला की झालं. डिस्कोर्सला डॉकर (सॉफ्टवेअर बंद डब्यात चालवायची सोय) लागतं, म्हणजे स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), किमान १ जीबी रॅम आणि जोडीला २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). खर्च परवडत असेल तर डिस्कोर्सच घ्या.

घोडं अडतं ते ईमेलवर. नोंदणी पक्की करायची लिंक मेलने जाते, आणि बऱ्याच व्हीपीएसवर पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर पाठवायची वाट, बंद असतं. मेल निघतच नाही, लोक दोनदा नोंदणी करून बघतात आणि नाद सोडतात. बाहेरची एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा घ्या, पोर्ट ५८७ वापरा, डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या) नोंदी घाला. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

घोडबंदर_रोड
विभाग चारच्या वर नकोत. पण ठाणे आणि नवी मुंबई वेगळे हवेतच. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा फ्लॅट विकताना सिडकोची परवानगी आणि शुल्क येतं. ठाण्यात दुखणं असतं ते बिल्डरने अभिहस्तांतरण करून न दिल्याचं, त्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. दोन्ही एकत्र टाकलंत की घोडबंदरचं उत्तर वाशीला लावून वाद जुंपणार.

मंच उघडण्याआधी वीसेक धागे उत्तरांसकट तयार ठेवा. शीर्षक ‘अर्जंट मदत हवी’ असं नको. ‘दोन नॉमिनी असतील तर शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावे?’ असं हवं. आधी उत्तरं देणाऱ्या जाणकारांनाच बोलवा. विचारणारे आपसूक येतात, त्यांची चिंता नको. ग्रुप बंद करू नका. तिथे प्रश्न आला की उत्तराऐवजी धाग्याची लिंक टाका.

खारघर_से_३५
डिस्कोर्समध्ये नवा सदस्य विश्वास-पातळी ० वर, म्हणजे कमी अधिकारांवर, असतो. ५ विषय उघडून, ३० पोस्टी वाचून, १० मिनिटं वाचनात घालवली की पातळी १. पण मंच नवा असताना, साधारण ५० सदस्य होईपर्यंत, बूटस्ट्रॅप मोड चालू असतो आणि त्यात थेट पातळी १ मिळते. जाहिरात करणारे वॉटरप्रूफिंगवाले नेमके तेव्हाच घुसतात. प्रत्येकाच्या पहिल्या दोन पोस्टी मंजुरीनंतरच दिसतील, अशी सेटिंग करा.

थकबाकीदारांची नावं, फ्लॅट नंबर टाकायला पहिल्या दिवसापासून बंदी. ‘आमच्या नोटीस बोर्डावर लावलंच आहे’ असं म्हणत फोटो येतील, तेही उडवा.

शोधाचं म्हणाल तर कुणी ‘कन्व्हेयन्स’ लिहितं, कुणी ‘कन्व्हेअन्स’, कुणी ‘अभिहस्तांतरण’. सर्च ते जुळवत नाही. एकच टॅग ठेवून बाकीची रूपं त्याला समानार्थी म्हणून जोडा, आणि नवे टॅग बनवायची मुभा फक्त मंचाच्या संचालकांना द्या.