'भाव चढतायत, आत्ताच उचला' हा सल्ला क्लासिक स्पोर्ट्स कारला लावू नका

गंजशोधक

'पाचवा_गिअर' यांची कालची पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लासिक स्पोर्ट्स कारचे भाव चढतच राहणार, मनासारखी गाडी शोधत बसलात तर तीही जाईल आणि पैसेही कमी पडतील, म्हणून परवडेल ती आत्ता उचला, डागडुजीचा खर्च वाढत्या भावातून वसूल होतो. खाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' म्हटलंय. मला हा सल्ला नवख्या माणसाला खड्ड्यात घालणारा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

चढत्या बाजारात गाडी विकायला कोण काढतं? ज्याच्याकडे निकोप गाडी आणि पावत्यांची जाड फाइल आहे त्याला घाई नसते, नुसतं बसून राहिलं तरी त्याचा भाव वाढतोय. बाजारात येतात त्या बहुतेक वर्षानुवर्षं शेडमध्ये पडलेल्या गाड्या. काल त्यांच्यावर खर्च करणं परवडत नव्हतं, आज वरवर रंग मारून काढल्या तरी गिऱ्हाईक मिळतं. आणि भाव सांगितला जातो तो मागच्या लिलावातल्या सगळ्यात चांगल्या गाडीचा.

जॅग्वार ई-टाइपचंच बघा. मधली बॉडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच भार उचलते, त्यामुळे सिल (दाराखालचा पत्र्याचा कणा) आणि फ्लोअर कुजले की गाडीचा कणाच गेला. पुढच्या फ्रेमच्या नळ्या आतून सडतात, बाहेरून काही कळत नाही. लांबी (पुट्टी) भरून, घासून, वर चकचकीत लाल रंग मारला की फोटोत सुंदर दिसते. वर्षभरात पत्र्याला फुगे यायला लागतात. मग बॉडी उघडी केली की कळतं, की जेवढ्याला गाडी घेतली जवळपास तेवढंच काम अजून बाकी आहे. भाव वर्षाला किती चढला म्हणजे हे भरून निघणार?

आणि 'चढतच राहणार' हे तर कोणी बोलूच नये. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, त्या सुमारास जपानमधला पैसाही या गाड्यांत उतरत होता, फेरारीचे भाव वेड्यासारखे वाढले. १९९० नंतर तेच भाव कोसळले. जॅग्वारने १९८८ ला बर्मिंगहॅमच्या शोमध्ये एक्सजे२२० ही सुपरकार दाखवली, पुढे लोकांनी ५०,००० पौंड अनामत भरून रांग लावली, त्यात कित्येक जण नुसते विकून नफा काढायला आलेले. गाडी तयार होईपर्यंत १९९२ उजाडलं, व्ही१२ च्या जागी व्ही६ टर्बो आली, बाजार आपटलेला. आणि हेच हौशी लोक सौदा मोडण्यासाठी कोर्टात भांडत होते.

पाचवा_गिअर

१९९० ची भीती अजून किती वर्षं दाखवणार? तेव्हा घेऊन ज्यांनी दम धरला त्यांना आज विचारा. फेरारी २५० जीटीओ लिलावात २०१४ ला ३.८१ कोटी डॉलरला गेली, २०१८ ला ४.८४ कोटीला, २०२३ ला ५.१७ कोटीला. मर्सिडीजची उहलेनहाऊट कूपे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोला. हे आकडे मी घरी बसून रचलेले नाहीत.

जीटीओ आपल्या आवाक्याबाहेरची आहे, ठीक. पोर्शे ९११ घ्या. एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने गार होणाऱ्या) इंजिनाची शेवटची ९११ १९९८ मध्ये बनली. त्यानंतर एकही नाही, पुढेही होणार नाही. ९११ एससी हे मॉडेल एके काळी हिणवलं जायचं, तेव्हा माझ्या मित्राने घेतली आणि आम्ही सगळे त्याला हसलो. आज ती विकून तो काय काय घेऊ शकतो ते सांगत नाही. तो थांबला नाही, शोधत बसला नाही, समोर आली ती घेतली. तुमच्यासारखं टॉर्च घेऊन गाडीखाली झोपत बसला असता तर अजून बसनेच फिरत असता.

हिशोबनीस

आकड्यांवर बोलायचं तर नीट बोलू या.

२०१४ ची आणि २०१८ ची जीटीओ या दोन वेगळ्या चासी आहेत, दोघींचा रेसिंगचा इतिहास वेगळा. एकच गाडी दोनदा विकली गेली असती तर तिला 'वाढ' म्हणता आलं असतं. शिवाय ३.८१ कोटी हा आकडा खरेदीदाराच्या प्रीमियमसकट आहे. हातोडा पडला ३.४६५ कोटींवर. मधले ३४ लाख ६५ हजार डॉलर लिलावगृहाचे, विकणाऱ्याच्या खिशात ते जात नाहीत. 'इतक्याला गेली' म्हणजे 'इतके मिळाले' असं नव्हे, हे पोस्ट लिहिणाऱ्याने सांगायला हवं होतं.

आता सांभाळायचा खर्च. विमा ठरवलेल्या किमतीवर घ्यावा लागतो, नाहीतर अपघातानंतर कंपनी जुन्या गाडीचे चार पैसे हातावर ठेवते. आणि बाजार चढला की ती किंमत वाढवून घ्या, हप्ताही वाढला. टायरची नक्षी शाबूत दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३०९ असेल तर तो २००९ च्या तेविसाव्या आठवड्यातला, तो काढून टाकायचा. फेरारी टेस्टारोसाचा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी चालो न चालो, बेल्ट मुदतीत बदलावाच लागतो.

हे सगळं वजा करून तुमच्या मित्राचा फायदा किती उरला? विक्रीची किंमत सगळे सांगतात, पावत्यांची बेरीज कोणी सांगत नाही.

चालवती_झेड

मला या सगळ्या चर्चेचा मनापासून राग येतो. कोणीच गाडीबद्दल बोलत नाहीये!

माझी डॅटसन २४० झेड वडिलांनी घेतलेली. तेव्हा ती क्लासिक वगैरे नव्हती, जुनी गाडी होती. आमच्याकडे ती भाजी आणायला गेली, लग्नांना गेली, घाटात तापली, रस्त्याकडेला उभी राहिली. कार्ब्युरेटर जुळवायला मी वडिलांच्या शेजारी उभं राहून शिकलो, इंजिनाचा आवाज ऐकून. आता दर महिन्याला कोणीतरी अनोळखी माणूस येतो आणि भाव विचारतो. चालवून बघायची का म्हटलं तर नको म्हणतो. चालवून बघायचीच नाही! फोटो काढतो, इंजिनाचा नंबर विचारतो आणि जातो. तुम्ही लोकांनी 'गुंतवणूक, गुंतवणूक' करून भाव तिथे नेऊन ठेवलेत, की ज्या पोराला खरोखर ही गाडी चालवायची आहे त्याला ती कधीच मिळणार नाही. एक जण घेतो, चादर घालतो, चादरीखालीच दुसऱ्याला विकतो.

मूळ_नंबर

इंजिनाचा नंबर विचारतात त्याला कारण आहे, त्यात चिडण्यासारखं काय? पोर्शे ९११ ची कॅरेरा आरएस २.७ मुळात ५०० बनवायच्या ठरल्या होत्या, बनल्या १,५८०. आणि साध्या ९११ ला मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर आणि कडेला पट्टी लावून 'आरएस' म्हणून फिरणाऱ्या किती आहेत ते विचारू नका. चासी, इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळवल्याशिवाय खरी कोणती आणि सजवलेली कोणती हे कसं कळणार?

माझ्या भावाच्या अल्फा रोमिओच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. गॅरेजवाल्याने न विचारता दुसऱ्या गाडीचा बसवला आणि मूळ ब्लॉक भंगारात घातला. वेल्डिंग करून तो वाचला असता. गाडी आज झकास चालते, पण विकायला काढली तेव्हा प्रत्येकाने नंबर पाहून किंमत पाडली. गाडीची ओळखच पुसली त्या माणसाने, आणि वर पूर्ण बिल घेतलं.

चालवती_झेड

'झकास चालते' म्हणालात ना? मग ओळख कुठे पुसली? कागदावरची पुसली!

तुमच्या हिशोबाने मी गुन्हेगारच. मी चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवलाय, कारण मोठ्या रस्त्यावर इंजिन उगाच किंचाळायचं. ठिणगीसाठीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलंय. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या बदलल्यात, कारण इथेनॉलने जुनं रबर पिचतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की गाडी जळते. मूळ नळ्यांसकट जळालेली गाडी तुम्हाला जास्त किमतीची वाटते का?

मूळ_नंबर

नळ्यांबद्दल कोण बोललं? बोलणं भलतीकडे नेऊ नका. नळ्या, टायर, ब्रेक पॅड हे झिजणारे भाग, ते बदलायचेच. मी ब्लॉक, बॉक्स आणि बॉडीबद्दल बोलतोय.

१९६३ च्या कॉर्व्हेट कूपेची मागची काच दुभागलेली होती. मागचं दिसत नाही म्हणून कित्येक मालकांनी मधली पट्टी कापून १९६४ ची अखंड काच बसवली. तेव्हा सगळ्यांना ती सुधारणा वाटली. आज लोक त्या दुभागलेल्या काचेसाठीच जास्त पैसे मोजतात, आणि कापलेली पट्टी परत येत नाही. तुमच्या पाच गिअरचंही तसंच होईल. आज सोय म्हणून कापाल, उद्या पोरं तुम्हाला बोल लावतील.

चालवती_झेड

त्या मालकांना मागून येणारा ट्रक दिसायला हवा होता! गाडी त्यांची, रस्ता त्यांचा, जीव त्यांचा. साठ वर्षांनी कोणीतरी लिलावात हात वर करणार म्हणून त्यांनी आंधळेपणाने गाडी चालवायची? आणि बोलताना जरा जपून. माझ्या पोरांपर्यंत जायची गरज नाही.

कास्ट_आयर्न

मूळ_नंबर यांना एक विचारायचंय. ओतीव लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांत शिसंविरहित पेट्रोलवर एक्झॉस्टची व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा, झिजत जाते. कठीण सीट बसवल्या की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी मूळ हेड कापावं लागतं. हा बदल तुमच्या कोणत्या यादीत? आणि मूळ रंग उडालेला पण कुठेच न सोललेला असेल तर पुन्हा रंगवायची की नाही? पेबल बीचला, कॅलिफोर्नियातल्या क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेत, जतन केलेल्या गाड्यांना वेगळा वर्ग असतो, तिथे नव्या रंगापेक्षा जुन्या रंगाला मान. दहा जण दहा उत्तरं देतात.

मूळ_नंबर

सीट बसवा. इंजिन टिकवण्यासाठी केलेलं काम मी बदल मानत नाही. रंग अजिबात लावू नका, मूळ रंग एकदाच असतो.

झेडवाल्यांना: पोरांचा उल्लेख मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. मूळ चार गिअरचा बॉक्स ठेवलाय की तोही दिला?

चालवती_झेड

ठेवलाय. तेल लावून, गुंडाळून, रॅकवर. नवा बॉक्स बसवताना बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. तुम्ही आधी एवढंच विचारलं असतं तर इतकं भांडण झालं नसतं.

मूळ_नंबर

मग तुमच्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही. बॉक्स विकू मात्र नका.

गंजशोधक

मूळ मुद्दा नंबरांच्या गर्दीत हरवला, तरी पाचवा_गिअर यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. मित्राची एससी 'समोर आली ती' होती म्हणता, पण पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची केली, एससी त्यानंतरची. कुजण्याचा धोका त्या गाडीत मुळातच कमी. हाच बेधडकपणा १९७० च्या ९११ वर केला असता तर सिल आणि सस्पेन्शन पॅनच्या खर्चात ती बुडाली असती. तुमचा मित्र बाजारामुळे वाचलेला नाही, जस्तामुळे वाचलाय.

पाचवा_गिअर

जस्ताचा मुद्दा मला सुचला नव्हता, मान्य. पण बाजार वाचता येत नाही हे मान्य नाही. निसानची स्कायलाइन जीटी-आर आर३४ बघा. १९९९ ची गाडी, अमेरिकेत गाडी २५ वर्षांची झाली की आयात करता येते असा नियम, म्हणजे २०२४ पासून तिकडे नेता येणार हे कोणीही बोटांवर मोजू शकत होतं. ज्यांनी मोजलं त्यांनी आधीच घेतल्या आणि भाव चढले. पंचविशीत ज्यांनी भिंतीवर पोस्टर लावलं ते पन्नाशीत पैसे घेऊन येतात, हे प्रत्येक पिढीत होतं. हे ओळखून वेळेवर घेणं याला तुम्ही घाई म्हणता, मी अभ्यास म्हणतो.

गंजशोधक

हा अभ्यासच आहे, नाकारत नाही. कालच्या पोस्टमध्ये एवढं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण कोणतं मॉडेल चढणार हे कळल्याने समोरची गाडी चांगली ठरत नाही. पोस्टरवाली पिढी पन्नाशीत येते तशी पुढे सत्तरीतही जाते, मग विकणारे जास्त आणि घेणारे कमी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांच्या मालकांना विचारा, त्यांच्या नातवंडांना त्या नकोत. त्या दिवशी कुजलेली गाडी आधी पडते. निकोप गाडीला तेव्हाही कोणीतरी असतं.

पाचवा_गिअर

ठीक. रविवारी एक ई-टाइप बघायला जातोय, सिरीज वन. विकणारा म्हणतो अजून दोघं रोख घेऊन येतायत, शनिवारपर्यंत अनामत द्या. नुकताच पूर्ण रंग केलाय. तुमच्या मते काय करू?

हिशोबनीस

न बघता अनामत देऊ नका. फाइलचे फोटो आधी मागवा. रंगाच्या आधीचे, पत्रा उघडा असतानाचे फोटो आहेत का विचारा. प्रामाणिक काम करणारा ते काढतोच.

गंजशोधक

लिफ्टवर घ्यायला सांगा. सिलवर चुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी भरलीय. दरवाजा उघडा असताना मागचं चाक जॅकवर उचला आणि दरवाजा लागतो का बघा, फट बदलली तर खाली काही शिल्लक नाही. बॉनेट दोन्ही बाजूंनी सारखं बसतंय का तेही पाहा. इंजिन गार असताना सुरू करायला लावा, तुम्ही पोचायच्या आधी त्याने गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. वारसा-नोंदीचा (कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणारा) दाखला मागा, चासी आणि इंजिन नंबर जुळवा. मूळ_नंबर यांच्याशी माझं एरवी पटत नाही, इथे पटतं.

पाचवा_गिअर

लिफ्टचं विचारलं. म्हणतो, 'एवढा संशय असेल तर दुसऱ्याला देतो.'

चालवती_झेड

देऊ द्या दुसऱ्याला. सिरीज वन सापडत असतात. दुसरी दिसली की इथे टाका, मी बरोबर येतो, गाडीखाली झोपायला मला काही वाटत नाही.