आरव्ही घेऊन लांब जायचंय, टाकी कुठे कुठे भरायची?

चाकावरचं_घर:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात भाड्याची आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन चार दिवसांत साधारण 1800 किमी जायचंय, आम्ही पाच जण, आईबाबा पण आहेत सोबत. आरव्ही मी आजवर फक्त बाहेरून बघितलीये. भाड्याने देणारा म्हणतो पेट्रोलची आहे, टाकी 208 लिटर, ॲव्हरेज 4 धरा. म्हणजे एका टाकीत 800 च्या वर! मी मॅपवर दोनच पंप मार्क केले आणि खूश होऊन झोपलो, पण बायको म्हणतेय एवढं सोपं असतं तर बाकीचे लोक सारखे थांबतात कशाला. तिसऱ्या दिवशी 210 किमीचा एक पट्टा आहे जिथे एकही पंप दिसत नाही, वर घाट. कसं प्लॅन करता तुम्ही? चांगलं ॲप आहे का कुठलं?

अर्धा_काटा:
वहिनींचं बरोबर आहे :)
ते 4 विसरा आधी. 4 मिळतं, पण सपाट रस्ता, वारा नाही, पाय हलका ठेवला तर. आरव्ही म्हणजे चालतं कपाट, पुढून सगळा चौकोन. समोरून 30 चा वारा असताना 90 ने चालवलीत तर हवेच्या हिशोबाने तुम्ही 120 ने चाललाय, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास पावणेदोनपट. त्यात चढ आला की काटा डोळ्यांदेखत खाली येतो, मी अडीचपर्यंत उतरलेलं बघितलंय. म्हणून मी हिशोब अडीचनेच करतो, जास्त मिळालं तर आनंद आहे.
दुसरं, टाकीतलं सगळं पेट्रोल आपलं नसतं. जनरेटर त्याच टाकीतून पितो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, पाव टाकी उरली की जनरेटर बंद, म्हणजे रात्रभर एसी चालवून गाडी हलवण्यापुरतं पण उरलं नाही असं व्हायला नको. ती पाव टाकी मी राखीवच धरतो. 208 मधून पाव गेले 52, उरले 156, गुणिले अडीच म्हणजे 390. माझ्यासाठी तुमची टाकी 390 ची, 800 ची नाही. जनरेटर रात्रभर चालला तर तासाला दीड-दोन लिटर अजून वजा.

घाटवेडा:
हिशोब मान्य पण दर 350 ला थांबायचं म्हणजे वेळ जातो राव, आणि टाकी कायम भरलेली ठेवली तर ते वजन पण ओढायचं ना? मी तरी पाव टाकीपर्यंत खाली जाऊ देतो.

अर्धा_काटा:
200 लिटर पेट्रोल म्हणजे जेमतेम 150 किलो, पाच-सहा टनांच्या गाडीला काय फरक पडतोय. थांबायचंच असतं हो, आईबाबा आहेत, ड्रायव्हर बदलायचा असतो. ते थांबे आणि पंप एकाच ठिकाणी घ्या, वेळ वेगळा जात नाही.

मागचं_चाक:
किलोमीटरचा हिशोब झाला, आता मी माझी फजिती सांगते. आमचा अर्धा काटा होता, पंप दिसला, घुसलो. आत गेल्यावर कळलं की बाहेर पडायला पुढे भिंत आणि उजवीकडे गाड्यांची रांग. नवऱ्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि आरव्हीला मागच्या चाकांच्याही मागे दीड-दोन मीटर बॉडी लोंबती असते ना, ती वळताना उलट्या बाजूला फेकली जाते. मी मागे उभी राहून ओरडतेय थांब थांब, पिवळ्या लोखंडी खांबापासून दोन बोटं अंतर राहिलं. शेवटी मागच्या चार गाड्या हटवून रिव्हर्स घेतली, हॉर्नचा नुसता कल्ला.
तेव्हापासून नियम, पंप आदल्या रात्री सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघायचा: एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर, मग तो लिस्टमध्ये. ॲप हवं ते वापरा, सगळी ॲप दर सांगतात, वळायला जागा आहे का हे कोणी सांगत नाही. आणि शक्यतो कडेचं मशीन घ्या. शेडची उंची पण बघा, तुमच्या गाडीची उंची छतावरच्या एसीसकट कागदावर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा.

घाटवेडा:
हे मात्र लाख बोललीस ताई. दोन गोष्टी माझ्याकडून, पंपात शिरायच्या आधी फ्रिज बंद करा, बऱ्याच आरव्हींमध्ये तो गॅसवर चालतो, आत ज्योत असते आणि ऑटोवर असेल तर आपोआप पेटतो. सिलेंडरचा व्हॉल्व्हपण बंद. दार उघडलं नाही तर फ्रिज दोन-तीन तास थंड राहतो. आणि नोझलच्या रंगावर जाऊ नका, कुठे हिरवं म्हणजे पेट्रोल, कुठे हिरवं म्हणजेच डिझेल, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचा. चुकीचं गेलंच तर चावीला हात लावू नका, आधी फोन करा.

अर्धा_काटा:
आणि पहिला क्लिक झाला की थांबा, वरून दाबून दाबून भरू नका, वाफ शोषणारा डबा असतो तो खराब होतो. पहिल्या टाकीला ट्रिप मीटर शून्य करा, दुसऱ्यांदा भरताना किलोमीटर भागिले लिटर. तुमचं खरं ॲव्हरेज तेच, डॅशबोर्डवरचा आकडा फार गोड बोलतो.

चाकावरचं_घर:
भारी! रात्री बसून परत आखलं. दोनाचे सहा थांबे झाले, साधारण 300 ला एक. 210 वाल्या पट्ट्याच्या अलीकडच्या गावात काटा कुठेही असो, फुल करायची, अडीचने 84 लिटर लागतील म्हणजे परतायची वेळ आली तरी मधून मागे येता येईल. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवला. सहातला एक पंप सॅटेलाइटवर बघून रद्द केला, आत जायचा रस्ता एकच होता. बायकोला धागा वाचायला दिला, ती चूक झाली.
भाडेवाल्याच्या कागदावर उंची 3.4 मीटर आहे, ती एसी धरून का ते विचारतो उद्या.

मागचं_चाक:
विचारू नका, टेप घेऊन जा.