मोहिमेची गाडी रस्त्यावर, मुलं वर्गात: सहा आठवड्यांत काय आणि कसं शिकवावं?

माध्यमिक_शिक्षिका (प्रश्न)

सातवी ते नववीच्या मुलांसाठी एक उपक्रम आखतेय. चार जणांची एक तुकडी गाडीने सहा आठवड्यांच्या मोहिमेवर निघणार आहे. सुरुवात समुद्रकिनाऱ्यावरून, मध्ये कोरडं पठार, शेवटी साधारण ४५०० मीटर उंचीची खिंड. मार्ग बराचसा दक्षिणोत्तर आहे. तुकडीतलं कोणी शास्त्रज्ञ नाही, पण दिवसातून अर्धा तास द्यायला ते तयार आहेत.

आठवड्याला एक व्हिडिओ कॉल आणि रोजचे फोटो, एवढीच कल्पना सध्या समोर आहे, आणि ती मला अपुरी वाटते. मुलांनी नुसतं बघत बसू नये, त्यांच्या हातात काम असावं. कोणते प्रयोग खरोखर जमतील, गाडीत कोणती उपकरणं बसवावीत, मोबाइलची रेंज गेल्यावर माहिती कशी पाठवावी? जाणकारांनी आकडे आणि अडचणींसकट सांगावं.

सावलीची_काठी

व्हिडिओ कॉल ठेवा, पण उपक्रमाचा कणा तो नसावा. १९८९ मध्ये समुद्रशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांनी जेसन प्रकल्प सुरू केला तेव्हा दूरच्या मोहिमेचं थेट चित्र वर्गात येणं हेच नवल होतं. आज चित्राचं नवल कोणत्याच मुलाला नाही. आज मुलांना गुंतवतं ते असं मोजमाप, जे अर्धं वर्गात आणि अर्धं रस्त्यावर होतं आणि दोन्ही अर्ध्यांशिवाय उत्तर निघत नाही.

म्हणून पहिला नियम: गाडीत जे उपकरण, तेच शाळेत. निघण्याआधी दोन्ही संच एका टेबलावर तीन दिवस शेजारी ठेवा, दर तासाला वाचनं घ्या आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवा. तो पुढे रोज वजा करायचा. हे राहून गेलं तर मोहिमेतला फरक हवेतला की उपकरणातला, हे शेवटपर्यंत कळत नाही. वेळही ठरवून घ्या. जागतिक ‘ग्लोब’ शालेय उपक्रमात तापमान स्थानिक सौर मध्यान्हाच्या (सूर्य सर्वांत उंच असतो त्या वेळेच्या) एक तास अलीकडे-पलीकडे मोजतात, तीच पद्धत घ्या.

आता सावलीचा प्रयोग. तुमचा मार्ग दक्षिणोत्तर असल्याने तो सोडूच नका. १ मीटरची काठी, सपाट फळी, ओळंबा, मोजपट्टी. सौर मध्यान्हाला सावलीची लांबी भागिले काठीची उंची केलं की सूर्य डोक्यावरून जितका कललाय त्या कोनाचा टँजंट मिळतो. समजा शाळेत सावली ०.३६ मीटर, म्हणजे १९.८ अंश. त्याच दिवशी तुकडीकडे ०.५८ मीटर, म्हणजे ३०.१ अंश. फरक १०.३ अंश. एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटरचा, म्हणजे दोघांमध्ये दक्षिणोत्तर सुमारे ११४५ किलोमीटर.

पृथ्वीचा घेर काढायचा असेल तर गणित उलटं करा. मात्र तेव्हा अंतर जीपीएसवरून घेऊ नका, कारण त्या आकड्यात पृथ्वीचा आकार आधीच गृहीत धरलेला असतो. रस्ता जिथे सरळ उत्तरेला जातो असा लांब पट्टा निवडा आणि गाडीच्या मीटरवरचं अंतर घ्या. वळणावळणाचा रस्ता चालणार नाही. पट्टा १०० किलोमीटरचाच असेल तर कोनात जेमतेम ०.९ अंशाचा फरक पडतो आणि मोजणीतली चूक त्यावर भारी पडते. ५०० किलोमीटरच्या वर गेलात की उत्तर चांगलं येतं.

चुका कुठे होतात तेही सांगतो. काठी सावलीच्या दिशेने १ अंश कलली तर उत्तर १११ किलोमीटरपर्यंत चुकू शकतं, म्हणून ओळंब्याशिवाय मोजायचं नाही. दुसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्याचा व्यास आकाशात सुमारे अर्धा अंश आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या टोकाची सावली साधारण सेंटिमीटरभर पुसट असते आणि प्रत्येक मूल वेगळ्या जागी खूण करतं. उपाय सोपा आहे: काठीच्या टोकावर पुठ्ठ्याची चकती बसवून तिला २-३ मिलिमीटरचं भोक पाडा. चकतीच्या सावलीत एक छोटा गोल कवडसा पडतो, त्याच्या मध्यावर खूण करा. काठीची उंची मग भोकापर्यंत मोजायची.

सौर मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. त्या वेळेच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, म्हणून ‘सर्वांत छोटी सावली’ पकडायला जाल तर वेळ सहज पाच-दहा मिनिटांनी चुकते. काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी कवडसा त्या वर्तुळाला शिवतो ती वेळ आणि दुपारी पुन्हा शिवतो ती वेळ टिपा. दोन्हींचा मध्य म्हणजे सौर मध्यान्ह. दोन ठिकाणच्या मध्यान्हात ४ मिनिटांचा फरक असेल तर रेखांशात १ अंशाचा फरक. दोन्हीकडची घड्याळं मात्र जागतिक प्रमाणवेळेवर हवीत.

बारा_व्होल्ट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी गाडीतल्या यंत्रणेबद्दल लिहितो, कारण अशा उपक्रमात आधी बंद पडते ती वीज.

बॅटरी म्हणायला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना तिच्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात आणि स्टार्टर मारताना क्षणभर १० च्याही खाली जातात. त्या क्षणी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक रीबूट होतो, आणि तेव्हा मेमरी कार्डावर लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब होतं. त्यामुळे नुसत्या नोंदींसाठी पाय वापरू नका, ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर पुरतो. प्रत्येक वाचनानंतर फाइल बंद करायची. मग वीज गेली तरी फार तर शेवटची ओळ जाते.

नोंदयंत्राला वेगळी छोटी बॅटरी द्या. हिशोब मुलांकडूनच करून घ्या: यंत्र १ वॅट खातं, म्हणजे दिवसाला २४ वॅट-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी ८४ वॅट-तासांची, पण तिचं आयुष्य राखायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ४२. कन्व्हर्टरमध्ये जाणारे १५ टक्के वजा केले की गाडी बंद असताना साधारण दीड दिवस. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर वजन कमी होतं, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते आणि खिंडीत पहाटे नेमकं तेच तापमान असू शकतं. ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. दूर लावलेला फ्यूज मधल्या वायरचं रक्षण करत नाही.

सेन्सर: हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रतेसाठी बीएमई२८०. त्याच्या नावाखाली बीएमपी२८० हातात पडतो, तोही चालतो पण आर्द्रता देत नाही, तेव्हा निघण्याआधी तपासा. सतत वाचनं घेतली तर सेन्सर स्वतःच गरम होतो, मिनिटाला एक वाचन पुरे. तापमान चालत्या किंवा नुकत्याच थांबलेल्या गाडीवर मोजू नका. गाडी थांबल्यावर दहा मिनिटांनी, वारा जिकडून येतोय त्या बाजूला, सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर मोजा. दाबही थांबूनच घ्या. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडीभोवतीच्या वाऱ्यामुळे दाब ३ हेक्टोपास्कलपर्यंत (हे हवेच्या दाबाचं एकक) बदलू शकतो, म्हणजे खिडकी उघडली-मिटली तरी उंचीच्या आलेखात २५ मीटरपर्यंतची टेकडी उगवते.

उकळत्या पाण्यासाठी डीएस१८बी२० चा जलरोधक सेन्सर लोक सर्रास वापरतात, पण त्यात एक खोच आहे. तापमानाचं रूपांतर पूर्ण होण्याआधी वाचला तर तो ठरलेला आकडा देतो: ८५.० अंश. वीज अपुरी पडली तरी हाच आकडा. आणि ४५०० मीटरवर पाणी उकळतं ते साधारण ८५ अंशांनाच! वाचन खरं की खोटं, हे त्या एका आकड्यावरून कळणारच नाही. म्हणून पाणी तापायला लागल्यापासून दर दहा सेकंदांनी नोंद घ्या. ७०, ७५, ८० असा चढत येऊन ८५ ला टेकला तर खरा. एकदम ८५ वर उडी मारली तर खोटा. शेजारी काचेचा साधा थर्मामीटर ठेवाच.

शेवटचं म्हणजे वायरी. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी टोचून बसवणाऱ्या जंपर वायरी निसटतात. सगळे जोड सोल्डर करा किंवा स्क्रूने आवळा.

अठरा_बाइट

रेंज संपल्यावरचा भाग खरं तर तुमचा सर्वांत चांगला तंत्रज्ञानाचा धडा आहे. इरिडियम या उपग्रह जाळ्याच्या छोट्या मोडेमवरून एका संदेशात जास्तीत जास्त ३४० बाइट जातात. फोटोचा प्रश्नच नाही. आता मुलांना विचारा: एवढ्यात दिवसभराच्या किती नोंदी बसतील?

साध्या मजकुरात एक ओळ, म्हणजे तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, तापमान, आर्द्रता, दाब, बॅटरी, साधारण ६० अक्षरांची होते. पाच ओळींत संदेश भरला. तेच आकडे बायनरीत लिहा: वेळेला ४ बाइट, अक्षांशाला ४, रेखांशाला ४, तापमान २, आर्द्रता १, दाब २, बॅटरी १. एकूण १८. म्हणजे १८ नोंदी ३२४ बाइटांत, आणि उरलेल्या १६ मध्ये संदेश क्रमांक आणि तपासबेरीज, म्हणजे संदेश वाटेत बिघडला का हे सांगणारा आकडा. दशांशचिन्ह पाठवायचंच नाही: तापमान गुणिले १०, दाब गुणिले १०, अक्षांश-रेखांश गुणिले १ लाख. एक लाखाने गुणल्यावर अक्षांशाची अचूकता साधारण एक मीटरची राहते, ती भरपूर झाली.

संदेश उलगडायचा प्रोग्राम मुलांनी लिहावा. त्यात दोन चुका हमखास होतात. उणे १२.३ अंश म्हणजे उणे १२३. हा दोन बाइटांतला आकडा उणे चिन्ह न धरता वाचला तर ६५४१३ दिसतो, म्हणजे खिंडीत तापमान ६५४१.३ अंश! दुसरी चूक बाइटांच्या क्रमाची. ५७७.३ हेक्टोपास्कल म्हणजे ५७७३, बाइट २२ आणि १४१ (२२ गुणिले २५६, अधिक १४१). उलट क्रमाने वाचले तर ३६११८. अशी चूक मुलांना स्वतः शोधू द्या, लगेच सांगू नका. निघण्याआधी मात्र ज्यात उणे तापमान आहे असा एक नमुना संदेश पाठवून सगळी साखळी तपासा.

जीपीएसबद्दल एक गोष्ट. स्वस्त मॉड्यूल एनएमईए या ठरलेल्या साच्यातल्या ओळी देतात, त्यात ३४१२.३४५६ म्हणजे ३४ अंश १२.३४५६ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागल्यावर ३४.२०५८ अंश होतात. दशांशचिन्ह नुसतं सरकवून ३४.१२३४५६ केलं तर गाडी नकाशावर ९ किलोमीटर भलतीकडे दिसते. नकाशावर ती तलावात पोचली की मुलं बरोबर पकडतात.

अँटेनाला मोकळं आकाश हवं. अरुंद घळीत संदेश अडकतो, म्हणून यंत्राने तो साठवून पुन्हा प्रयत्न करावा. आणि परवानगीचं आधी बघा: काही देशांत उपग्रह संपर्काची उपकरणं परवान्याशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे.

माध्यमिक_शिक्षिका

तिघांचेही मनापासून आभार. संच शेजारी ठेवून तपासायचं काम मुलांकडेच देते. दोन शंका राहिल्या. जीपीएसची उंची, दाबावरून काढलेली उंची आणि उकळबिंदूवरून काढलेली उंची जुळली नाही तर मुलांना काय सांगायचं? आणि मुलांचे प्रश्न तुकडीपर्यंत कसे पोचवायचे? शंभर मुलं शंभर प्रश्न विचारतील.

अठरा_बाइट

प्रश्नांचं आधी. आठवड्याला पाचच प्रश्न पाठवा, आणि तेही मोजून किंवा करून पाहिल्यावरच उत्तर देता येईल असे. ‘तिथे कसं वाटतं?’ हा गप्पांसाठी ठेवा. ‘मीठ घातलेलं आणि साधं पाणी तिथे किती अंशांना उकळतं?’ हा पाठवण्याजोगा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आधी आलेल्या नोंदींत सापडतात का, हे वर्गाने शोधावं. १९९५ च्या मायाक्वेस्ट सायकल मोहिमेत मुलांना निर्णयांत मत देता येत होतं. तसं एखाद्या थांब्याचं ठिकाण मुलांना निवडू द्या, पण दोन्ही पर्याय सुरक्षित आहेत हे तुकडीने आधी बघितलेलं असावं.

नकाशावर गाडीची जागा सगळ्यांसाठी खुली ठेवणार असाल तर एक दिवस उशिराने दाखवा. मुलांची पूर्ण नावं आणि चेहरे खुल्या पानावर नकोत. माती किंवा रोपांचे नमुने सीमेपलीकडे नेऊ नका, जागेवर मोजा आणि तिथेच सोडा.

सावलीची_काठी

उंचीचे तीन आकडे जुळणार नाहीतच, आणि का जुळत नाहीत यावर दोन तास सहज जातील. प्रमाण वातावरणात, म्हणजे सरासरी हवेच्या ठरलेल्या तक्त्यात, १५०० मीटरला दाब सुमारे ८४६ हेक्टोपास्कल आणि उकळबिंदू ९५ अंश, ३००० ला ७०१ आणि ९०, ४५०० ला ५७७ आणि ८५. म्हणजे दर १५०० मीटरला ५ अंश. थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकला तर उंची दीडशे मीटरने चुकते. तो आधी बर्फाच्या चुऱ्यात आणि शाळेतल्या उकळत्या पाण्यात तपासा, आणि मोजताना फुगा पाण्यात नको, पाण्याच्या लगेच वर वाफेत धरा. भांड्याच्या तळाला तर टेकू द्यायचाच नाही.

जीपीएसमध्ये बघा की आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे की जीपीएस पृथ्वीचा जो गुळगुळीत लंबगोल आकार धरतो त्यापासूनचा. दोन्हींत जागेनुसार १०० मीटरपर्यंत फरक असतो.

दाबाच्या उंचीत मुख्य चूक तापमानाची. तक्ता ४५०० मीटरला उणे १४ अंश धरतो. उन्हाळ्यात हवा त्याहून बरीच उबदार असते, उबदार हवा फुगलेली असते, म्हणून तक्ता खरीपेक्षा कमी उंची दाखवतो. दुरुस्ती मुलांना जमते: दोन थांब्यांमधली उंची म्हणजे २९.२७ गुणिले सरासरी केल्व्हिन तापमान गुणिले दोन दाबांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम. सातवी-आठवीच्या मुलांनी कॅल्क्युलेटरवरचं बटण दाबलं तरी चालेल. ७०१ पासून ५७७ पर्यंत, सरासरी २ अंश म्हणजे २७५ केल्व्हिन धरलं तर सुमारे १५६७ मीटर येतात, तक्त्यात १५०० होते. किनाऱ्यापासून खिंडीपर्यंत दर ५०० मीटरला एक थांबा घेऊन दाब आणि तापमान टिपायला तुकडीला आत्ताच सांगून ठेवा. चढ सुरू झाल्यावर ते कोणाला आठवत नाही. त्याच दिवसांचा शाळेतला दाबही नोंदवा, कारण हवामान बदललं की १ हेक्टोपास्कलला किनाऱ्याजवळ साडेआठ मीटर आणि खिंडीत सुमारे तेरा मीटर इकडचे तिकडे होतात.